लशीची सनद

अम्मी-अब्बा हजला निघाले त्या वर्षी जिल्हा रुग्णालयातल्या लसीकरण शिबिराला मी त्यांच्यासोबत गेले होते. यादीतले शंभरेक यात्रेकरू, त्यांना सोडायला आलेली मुलं-सुना, आणि एकच पंखा. दंडावर एक इंजेक्शन, तोंडात पोलिओचे दोन थेंब, मग कार्डावर शिक्का. रांगेत आमच्या पुढे असलेल्या एका खालांनी सिस्टरना विचारलं, "बेटा, ये नहीं लिया तो?" सिस्टर मराठीतच म्हणाल्या, "खाला, मग विमानात बसता येणार नाही. सौदीवाले कार्ड बघतात."

इंजेक्शन मेंदूज्वराचं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं की या लशीचे दोन प्रकार असतात, एक साधी आणि एक कॉन्जुगेट. मी विज्ञान शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवते. पण बी.एड.ला इंग्रजी व्याकरणाच्या तासाला हा शब्द कानावरून गेला होता, क्रियापदं चालवून दाखवण्याला तो वापरतात. मुळात अर्थ जोडलेलं, एका जोखडात बांधलेलं. म्हणजे जोडाक्षर! क आणि ष एकत्र आले की क्ष होतो, आणि त्याचा उच्चार दोघांपेक्षा वेगळा. लशीचं जोडाक्षर कसं असेल, या कुतूहलाने वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता पेटंटच्या भांडणांपर्यंत पोचले.

पेटंट या शब्दाचंही गंमतशीर आहे. मूळ लॅटिनमध्ये अर्थ 'उघडं पत्र'. राजा शिक्का मारून उघडं पत्र द्यायचा, की अमुक गोष्टीचा हक्क याला दिला आहे, सर्वांनी जाणावं. आपल्याकडे याला सनद म्हणत. वतनाची सनद, इनामाची सनद. हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. मदरशात शिकलेल्या माणसाला मात्र सनद म्हटलं की दुसरंच काही आठवतं. हदीस सांगणाऱ्याने ती कुणाकडून ऐकली, त्याने कुणाकडून, ही जी मागे मागे जाणारी साखळी, ती सनद. साखळी तुटकी असेल तर हदीस कमजोर.

पेटंट कार्यालयात हे दोन्ही अर्थ समोरासमोर बसतात. कंपनी येते आणि पहिल्या अर्थाची सनद मागते, म्हणजे वीस वर्षांचा हक्क. अधिकाऱ्याने दुसऱ्या अर्थाची सनद तपासायची असते. हे आधी कुणी सांगितलं होतं का? कुणी छापलं होतं का? या आधीच्या ज्ञानाला पेटंटवाले 'प्रायर आर्ट' म्हणतात. आपला १९७० चा कायदाही तेच विचारतो. वस्तू नवी हवी, उपयोगाची हवी, आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नसावी. तिसरी अट सगळ्यात अवघड. वह्या तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला ती कळेल. निबंध गाइडमधून उतरवला असेल तर लगेच ओळखू येतो. पण तीन गाइडांतली वाक्यं जुळवून लिहिलेला निबंध मुलाचा स्वतःचा म्हणायचा की नाही, इथे स्टाफरूममध्ये वाद होतात.

आता लशीची साखळी मागून पाहू.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी (थोडक्यात हिब) हे तीन जंतू लहान मुलांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर देतात. तिघांच्याही अंगाभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. या कवचाविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं तयार केली तर जंतू मारला जातो. म्हणून नुसतं कवच वेगळं काढून टोचायचं, ही साधी लस. मोठ्या माणसात ती चालते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर मात्र नुसत्या शर्करेला नीट प्रतिसाद देत नाही, आणि जो देतं तो लक्षात ठेवत नाही. फिनलंडमध्ये १९७४ मध्ये जवळपास लाखभर मुलांवर हिबच्या साध्या लशीची चाचणी झाली. दीड वर्षापुढच्या मुलांना संरक्षण मिळालं, त्याखालच्यांना नाही. आणि हिबचा मेंदूज्वर सर्वांत जास्त होतो तो त्याखालच्यांनाच.

यावरचा उपाय म्हणजे ती शर्करा एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची. प्रथिन बाळाच्या शरीराला ओळखता येतं. त्याच्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या दुसऱ्या पेशी मदतीला येतात आणि शर्करेचीही आठवण राहते. जोडीला बहुतेक वेळा धनुर्वाताचं किंवा घटसर्पाचं विष घेतात, अर्थात निर्विष केलेलं.

हे पहिल्यांदा कुणी केलं? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओसवाल्ड एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी, १९२९ मध्ये. आधी त्यांनी साध्या शर्करा प्रथिनाला जोडून पाहिल्या. मग १९३१ मध्ये न्यूमोकोकसच्या तिसऱ्या प्रकाराचं कवच घोड्याच्या रक्तातल्या प्रथिनाला जोडून सशांना टोचलं. नुसत्या कवचाने सशांत काही होत नव्हतं, जोडल्यावर प्रतिपिंडं तयार झाली. निष्कर्ष नियतकालिकात छापले, कुणीही वाचावेत असे. हेच एव्हरी पुढे १९४४ मध्ये आनुवंशिकता डीएनएमध्ये असते हे दाखवणार होते, त्यामुळे त्यांचं नाव निघतं ते डीएनएसाठी. जोडाक्षराचं काम पन्नास वर्षं जवळजवळ पडून राहिलं. पेनिसिलिन आलं आणि डॉक्टरांना वाटलं, आता लस कशाला?

पन्नास वर्षांनी ते कागद पुन्हा उघडले गेले. अमेरिकेत जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नीरसन यांनी १९८० मध्ये हिबचं कवच प्रथिनाला जोडून दाखवलं. दुसरीकडे रोचेस्टर विद्यापीठात डेव्हिड स्मिथ आणि पोर्टर अँडरसन हेच दुसऱ्या वाटेने करत होते. त्यांनी लांब साखळी न घेता तिचे लहान तुकडे घेतले आणि घटसर्पाच्या विषाचा 'सीआरएम १९७' नावाचा उपजतच निर्विष असलेला प्रकार जोडीला घेतला. मोठ्या कंपन्यांनी रस दाखवला नाही, तेव्हा स्मिथ यांनी सहकाऱ्यांना घेऊन प्रॅक्सिस बायॉलॉजिक्स ही स्वतःची कंपनी काढली. १९९० मध्ये त्यांची लस दोन महिन्यांच्या बाळांना देण्यास मंजूर झाली. तोवर अमेरिकेत दरवर्षी सुमारे २०,००० लहान मुलांना हिबचा गंभीर आजार होत असे. काही वर्षांतच तो ९९ टक्क्यांनी घटला. या चौघांना १९९६ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

पेटंटचं काय? जोडण्याची कल्पना तर १९२९ पासून सगळ्यांसमोर पडली होती, ती कुणाला आपल्या नावावर करता येण्यासारखी नव्हती. पेटंट मिळाली ती जोडण्याच्या रीतींना. कॅनडाच्या हॅरॉल्ड जेनिंग्स आणि त्यांच्या सहकाऱ्याला १९८२ मध्ये एका रीतीसाठी, अँडरसन यांना १९८७ मध्ये तुकडे जोडण्याच्या रीतीसाठी. इथवर मला कुठे खटकत नाही. अक्षरं सगळ्यांची, पण कुणी मोडीचं नवं वळण बसवलं तर त्याचं श्रेय त्याला द्यावं. प्रॅक्सिस मात्र पुढे एका मोठ्या कंपनीने घेतली, तिला वायथने, आणि वायथला २००९ मध्ये फायझरने. विद्यापीठातल्या दोन डॉक्टरांचं काम असं हातोहात जगातल्या सर्वांत मोठ्या औषध कंपन्यांपैकी एकीकडे पोचलं.

भारतातल्या सरकारी लसीकरणात हिब आली डिसेंबर २०११ मध्ये, पेंटाव्हॅलंटमधून, सुरुवातीला केरळ आणि तमिळनाडूत. म्हणजे अमेरिकेतल्या बाळानंतर २१ वर्षांनी. सगळा दोष पेटंटचा नाही. आपल्याकडे हा आजार किती, याचेच आकडे धड नव्हते, आणि तज्ज्ञांतही बरीच वर्षं वाद चालला. किंमत हे मात्र प्रत्येक वादाच्या मुळाशी होतं.

आता हजकडे परत येते, कारण पुढची कडी तिथून जाते.

१९८७ च्या हजमध्ये मक्केत मेंदूज्वराची साथ आली, मेनिंगोकोकसच्या 'ए' गटाची. लाखो माणसं एका मैदानात, एका तंबूत, एका रांगेत; हा जंतू श्वासातून पसरतो. यात्रेकरू परतले तसा तो देशोदेशी गेला. पुढच्या वर्षी चाड आणि सुदानमध्ये मोठ्या साथी आल्या, त्यांतही त्याच घराण्याचा जंतू सापडला. त्यानंतर सौदी सरकारने यात्रेकरूंना लस सक्तीची केली. २००० आणि २००१ मध्ये हजला पुन्हा साथ आली, या वेळी 'डब्ल्यू १३५' गटाची, जो आधीच्या लशीत नव्हता. म्हणून २००२ पासून ए, सी, वाय आणि डब्ल्यू अशा चार गटांची लस लागते. खालांच्या दंडात गेली ती हीच चार गटांची.

आपला यात्रेकरू वर्षातून एकदा त्या गर्दीत जातो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा जो पट्टा आहे तिथली माणसं या जंतूबरोबरच राहतात. डिसेंबर ते जून कोरडे, धुळीचे वारे वाहतात आणि साथ येते. माली, नायजर, बुर्किना फासो, चाड, उत्तर नायजेरिया: यांतला बराच मुलूख मुसलमान वस्तीचा, आणि जगातल्या सगळ्यात गरीब मुलखांपैकी. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर माणसं आजारी पडली आणि सुमारे २५,००० मेली. जी वाचतात त्यांतली कितीतरी बहिरी होतात. साध्या लशीचा उपयोग साथ आल्यावर पळापळ करण्यापुरता. जंतू घशात बसूनच राहतो, तो कॉन्जुगेट लशीने हटतो. ती बनवता येते हे तोवर सगळ्यांना माहीत होतं. पण 'ए' गटासाठी ती कुणी बनवत नव्हतं, कारण ज्यांना हवी होती त्यांच्याकडे पैसे नव्हते.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी मिळून मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट सुरू केला, गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरवर. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. ते आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना भेटले तेव्हा त्यांना एकच गोष्ट ऐकायला मिळाली: डोस ५० सेंटच्या आत हवा, नाहीतर कितीही चांगली लस आणलीत तरी आम्हाला काय उपयोग. मोठ्या कंपन्यांशी बोलणी झाली, जमली नाहीत. मग प्रकल्पाने उलटं गणित मांडलं. किंमत आधी ठरवली आणि त्या किमतीत बनवणारा शोधला. तो सापडला पुण्यात, हडपसरला.

सीरम इन्स्टिट्यूटची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे. पूनावालांचा घोड्यांचा स्टड फार्म. म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला जायचे, तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वात-सर्पदंशावरचं सीरम काढत. ते आपणच का काढू नये, म्हणून १९६६ मध्ये सायरस पूनावालांनी कंपनी काढली. एव्हरींच्या पहिल्या प्रयोगातलं प्रथिनही घोड्याच्या रक्तातलंच होतं. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

पुण्यात धनुर्वाताचं निर्विष प्रथिन पोत्याने बनत होतं म्हणा. 'ए' गटाची शर्करा सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून आली. राहिला प्रश्न जोडण्याच्या रीतीचा. जुन्या रीतीत बरीच महाग शर्करा वाया जायची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या प्रयोगशाळेत कार्ल फ्राश आणि चे-हुंग ली यांनी नवी रीत बसवली होती, तिच्यात उत्पादन जास्त निघायचं. पुण्याचे शास्त्रज्ञ ती शिकून आले.

इथे थांबून सांगते, कारण हा मुद्दा नेहमी सुटतो. या रीतीवरही हक्क होता. तो अमेरिकी सरकारकडे होता. सरकारने तो वापरायचा परवाना प्रकल्पाला दिला, प्रकल्पाने तो पुण्याला दिला, आणि परवान्यामागचा हेतू गरीब देशांना परवडणारी लस हाच होता. म्हणजे सनद होतीच, फक्त ती अडवायला वापरली गेली नाही. पेटंट म्हणजेच पाप असं म्हणणाऱ्या मित्रांना मी हे उदाहरण देते, आणि पेटंटशिवाय संशोधनच होणार नाही असं म्हणणाऱ्यांनाही हेच देते. सरकारी प्रयोगशाळेत, सरकारी पगारावर हे संशोधन झालं होतं.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये मेनॲफ्रिव्हॅक देणं सुरू झालं. १ ते २९ वर्षांच्या १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांना काही दिवसांत ती टोचली गेली. डोसची किंमत सुमारे ४० सेंट, तेव्हाच्या हिशेबाने वीस रुपयांच्या आत. पुढच्या वर्षांत ३० कोटींहून जास्त आफ्रिकी लोकांना ती मिळाली आणि 'ए' गटाचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला. नायजरमधल्या एखाद्या गावात ज्या बाटलीसाठी सकाळपासून रांग लागली तिच्यावर पुण्याचं नाव होतं. आपल्या मराठी पेपरांत याची बातमी किती आली? मी तरी तेव्हा वाचलेली नाही.

न्यूमोकोकसची कथा मात्र वेगळी झाली.

या जंतूच्या कवचाचे नव्वदहून अधिक प्रकार आहेत. त्यामुळे लशीत कोणकोणते घ्यायचे आणि किती, हाच खेळ. वायथची सात प्रकारांची लस २००० मध्ये आली. त्याआधीच नऊ प्रकारांची, त्यात १ आणि ५ हे जास्तीचे, आफ्रिकेत तपासली जात होती. दक्षिण आफ्रिकेत सुमारे ४०,००० आणि गाम्बियात १७,००० हून अधिक बाळांनी त्या चाचण्यांत भाग घेतला. गाम्बियातले निकाल २००५ मध्ये आले: लस दिलेल्या गटात एकूण बालमृत्यू १६ टक्क्यांनी कमी. अकरा प्रकारांच्या लशींचेही प्रयोग होऊन त्यांचे निष्कर्ष छापले गेले होते. वायथने १३ प्रकारांच्या लशीसाठी अर्ज केला तोही २००५ चाच हक्क सांगून. सात, नऊ, अकरा, तेरा. पाढ्यातली पुढची पायरी कोणती, हे माझा चौथीतला विद्यार्थीही सांगेल.

पण न्याय करायचा तर कंपनीचीही बाजू ऐकली पाहिजे. लशीत प्रकार वाढवले की नुसती बेरीज होत नाही. सगळे प्रकार एकाच प्रथिनाला जोडले तर शरीर त्या प्रथिनातच गुंतून पडेल आणि शर्करांकडे दुर्लक्ष करेल, ही भीती तेव्हाच्या शास्त्रज्ञांत खरोखर होती. तेराही प्रकार एकट्या सीआरएम १९७ ला जोडून ते सगळे काम करतात हे दाखवणं सोपं नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

भारतात या अर्जाला मार्च २०१६ मध्ये डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने आव्हान दिलं. आपल्या कायद्याच्या कलम २५(१) नुसार पेटंट मिळण्याआधी कुणालाही हरकत घेता येते, ही तरतूद मला फार मोलाची वाटते. त्यांचा मुद्दा असा: जोडण्याची रीत जुनी, वाहक प्रथिन जुनं, प्रकार माहीत असलेले, नवं काय? आपल्याच कायद्याचं कलम ३(ई) म्हणतं की माहीत असलेल्या पदार्थांचं मिश्रण करून त्यात नुसती त्यांच्या गुणांची बेरीज होत असेल तर तो शोध नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फायझरने या संस्थेला १० लाख डोस फुकट देऊ केले. संस्थेने नाकारले. दान आज आहे, उद्या नसेल. आम्हाला किंमत कमी करून हवी, असं तिने सांगितलं. पुढच्याच महिन्यात कंपनीने मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठी किंमत उतरवली. फुकटचे १० लाख डोस नाकारायला धाडस लागतं. त्या नकारामुळे एखादं मूल दगावलं असतं तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने हरकती बाजूला सारल्या आणि पेटंट दिलं, २०२६ पर्यंतचं. दक्षिण कोरियात एसके कंपनीने १३ प्रकारांची लस तयार केली होती, तिथेही सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये पेटंट टिकलं आणि ती लस अडली. माझं मत विचाराल तर आपल्या कार्यालयाने कलम ३(ई) जितकं कडक लावायला हवं होतं तितकं लावलं नाही. बेरीज खरोखर अवघड होती हे मान्य केलं, तरी अवघड असणं आणि न सुचण्यासारखं असणं यांत फरक आहे. सहामाहीचे दोनशे पेपर तपासणं अवघडच असतं, पण ते कसं करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही, तेही सांगून टाकते. त्याच काळात माझ्या भावाला मुलगा झाला. खासगी डॉक्टरांनी ही लस लिहून दिली, एका डोसचे तीन हजारांच्या वर, असे चार डोस. भाऊ गॅरेजमध्ये काम करतो. दोन डोस झाले, तिसऱ्याच्या वेळी रमजान होता आणि ईदचा खर्च तोंडावर. "देखेंगे" म्हणाला. मुलगा सुखरूप आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या "देखेंगे"मध्ये किती घरं अडकली असतील.

पुण्याने वळसा घेतला. सीरमने तेरा प्रकारांच्या मागे न लागता आफ्रिका आणि आशियात जास्त आजार करणारे दहा प्रकार निवडले आणि न्यूमोसिल बनवली. डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. गावी या लसीकरण आघाडीला ती २ डॉलरला मिळू लागली. फायझरची त्याच गरीब देशांसाठी सुमारे ३ डॉलरच्या आसपास होती. दहामध्ये ३, ४ आणि १८सी हे प्रकार नाहीत, हे विसरू नये.

अमेरिकेतली ताजी कडी तर आणखी बारीक आहे. नव्या, जास्त प्रकारांच्या लशींत २२एफ नावाचा प्रकार आहे. तो प्रथिनाला जोडल्यावर तयार होणाऱ्या रेणूचं वजन अमुक ते अमुक दरम्यान असेल, यावर फायझरने पेटंट घेतलं होतं. १००० ते १२,५०० किलोडाल्टन. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आव्हान दिलं: २२एफ जोडलेली लस आधीच छापील कागदांत आहे, आणि इतर प्रकारांची वजनं दुसऱ्या एका जुन्या अर्जात याच पल्ल्यातली दिली आहेत. २२एफचं नेमकं वजन कुठे लिहिलेलं नव्हतं, हे खरं. पण जाणकाराने दोन कागद शेजारी ठेवले तर तो तिथे पोचेलच, असं पेटंट मंडळाने म्हटलं, आणि ५ मार्च २०२४ ला अपील न्यायालयाने मूळ दावे रद्द होणं कायम केलं. दुरुस्ती करून आणलेल्या दोन दाव्यांचा पुन्हा विचार करायला मात्र प्रकरण परत पाठवलं. इथे दोन्ही बाजूला गडगंज कंपन्या होत्या आणि प्रश्न पुन्हा तोच होता. एव्हरींनी घोड्याच्या रक्ताने सुरू केलेली साखळी आता रेणूच्या वजनापर्यंत आली.

दरम्यान मेनॲफ्रिव्हॅकच्या पुढची लस, ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांची, पुण्यातच तयार झाली. एप्रिल २०२४ मध्ये ती सगळ्यात आधी नायजेरियात द्यायला सुरुवात झाली.

भावाला २०२२ मध्ये मुलगी झाली. तोवर न्यूमोकोकसची लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली होती. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात, तिन्ही डोस वस्तीतल्या आरोग्य केंद्रात झाले. तिसऱ्या वेळी भावजयीबरोबर मी गेले होते. रांग हजच्या शिबिराएवढीच होती. आशाताईंनी कार्डावर तारीख लिहिली, पोरगी रडली आणि गप्प झाली. पैसे विचारले तेव्हा आशाताई हसल्या.